पाचव्या डब्यातली किंकाळी

१

शनिवारी सकाळी दहा वाजता सेकोन्दोने पाचवा डबा उघडला आणि त्यातून खुनाऐवजी साबण निघाला.

साबणाची जाहिरात. एक गुबगुबीत बाई फेसातून हात वर काढून हसत होती, तिच्यामागून मोटारींच्या टायरची जाहिरात, मग कसल्याशा बिस्किटांची. सेकोन्दो मार्किझिओने पन्नास वर्षं प्रोजेक्टर चालवला होता; पण पट्टी उजेडासमोर धरून तो इतका वेळ गप्प उभा राहिला, की शेजारी बसलेल्या एर्सिलियाबाईंना वाटलं, म्हातारा उभ्याउभ्या झोपला.

"काय हो, काय झालं?"

"बाई, रीळ गेलं," सेकोन्दो म्हणाला. "शेवटचं."

एर्सिलिया वोतेरो अठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. तरुणपणी त्यांनी सिनेमात कंटिन्युइटी सांभाळली होती. आधीच्या शॉटमध्ये नायिकेच्या हातातला पेला अर्धा होता की पाऊण, टाय डावीकडे कलला होता की उजवीकडे, हे वहीत टिपायचं आणि पुढच्या शॉटला ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. सगळे त्यांच्यावर वैतागत, पण त्या नसल्या तर अडत असे.

'मुक्या पोपटाची साक्ष' हा त्यांनी काम केलेला, त्या काळातला जाल्लो. जाल्लो म्हणजे पिवळा. खुनाच्या कादंबऱ्या पूर्वी पिवळ्या पुठ्ठ्यात यायच्या, म्हणून पडद्यावरचे खूनही पिवळेच. काळे हातमोजे, लाल जिने, अंगाईसारखं संगीत आणि देखण्या बायकांचे खून. सेन्सॉरने या सिनेमाचं शेवटचं रीळ तेव्हाच कापायला लावलं होतं, त्यामुळे खुनी कोण ते कुणालाच कळलं नव्हतं. दिग्दर्शक कोर्रादो आर्दुइनो मरेपर्यंत सांगत राहिले, की ते रीळ जळालं. आणि गेल्या वर्षी इव्रेआजवळच्या एका चर्चच्या माळ्यावर अख्खा सिनेमा सापडला, पाचही डब्यांसकट.

आज संध्याकाळी सहाला, तोरिनोतल्या या छोट्याशा ग्लिचिने थिएटरात, तो दाखवायचा होता. फ्रान्स, जर्मनी, पार अथेन्सपासून दोनशे वेडे लोक आले होते.

"रेन्झोला बोलवा," बाई म्हणाल्या. "आणि कॅराबिनिएरी पोलिसांना आत्ता कळवू नका. ते थिएटरला सील ठोकतील आणि खालच्या पोरांना रडत घरी जावं लागेल."

"मग शोधणार कोण?"

"मी आहे ना. आयुष्यभर दुसरं काय केलंय?"

त्यांनी डब्यातली पट्टी हातात घेतली, आणि त्यांची बोटं एका जागी थबकली.

२

पट्टीची सुरुवात खरी होती. तिच्यावर पन्नास वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईत 'पोपट – ५' असं लिहिलेलं होतं. चोराने खऱ्या रिळाची पहिली दोन हात पट्टी कापून ती जाहिरातींना जोडली होती. डबा उघडून वरवर पाहणाऱ्याला काही कळू नये म्हणून.

"हा जोड तुम्ही मारलात?" बाईंनी विचारलं.

सेकोन्दोला रागच आला. "मी? हे बघा!" त्याने आपले हात पुढे केले. ते पानासारखे थरथरत होते. "गेल्या हिवाळ्यापासून हे असं आहे. माझं जोड मारायचं यंत्र आहे, ते दाबलं की कडेची भोकं आपोआप पडतात. आणि ते यंत्र मी बायकोच्या हातीसुद्धा देत नाही. काल पाच वाजता घरी जाताना पिशवीत घालून घेऊन गेलो."

बाईंनी भिंग लावलं. चिकटपट्टीतलं एकेक भोक कुणीतरी हाताने, पातळ धारेच्या पात्याने कोरलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी चौकोनी भोकं, आणि एकही वाकडं नाही.

"काल रीळ खरं होतं?"

"चार वाजता मी स्वतः बघितलं. लाल जिना, हिरवे पडदे. पुढचं आज सकाळी तपासणार होतो. खोलीची किल्ली खाली तिकिटांच्या खोलीत खिळ्याला असते."

"म्हणजे पाचनंतर इथे कोण होतं?"

"रेन्झो. कोर्रादोसाहेबांची मुलगी फियाम्मा. आणि," सेकोन्दोने डोळे मिचकावले, "तुम्ही."

"साडेपाचपर्यंत. मग मी बिचेरिन प्यायला गेले. त्या कॉफीत चॉकलेट कमी होतं, लिहून घ्या."

रेन्झो धावत वर आला. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, कवळ्या बनवणारा माणूस. आठवडाभर लोकांचे दात घडवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जाल्लोप्रेमींचं मंडळ चालवायचं, असा त्याचा संसार. हा सोहळा त्याने वर्षभर खपून उभा केला होता. बातमी ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो म्हणाला ते बाईंना जरा चमत्कारिक वाटलं.

"जाऊ द्या, बाई. तुम्ही कशाला त्रास घेता? चारच रिळं दाखवू. लोक समजून घेतील."

"वर्षभर ज्याच्यासाठी खपलास, ते जाऊ द्या?"

त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन साधासुधा ट्रिंग ट्रिंग वाजला. त्याने घाईने तो बंद केला आणि खाली निघून गेला.

बाई त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. काहीतरी आधीच्या शॉटशी जुळत नव्हतं. काय, ते मात्र आठवेना.

३

फियाम्मा आर्दुइनो दालनात वडिलांचे फोटो सरळ करत होती. पंचावन्न वर्षांची उंच बाई, डाव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज.

"एर्सिलिया मावशी, खरं सांगू? मला बरं वाटलं," ती म्हणाली.

"अगं!"

"बाबा म्हणायचे, ते रीळ जळालं. मग ते माळ्यावर कसं सापडलं? बाबा खोटं बोलले. का बोलले, ते आज दोनशे लोकांसमोर कळलं असतं. त्यापेक्षा नकोच." तिचे डोळे भरून आले. "तू तिथे होतीस. त्या रिळात असं काय आहे, मावशी?"

एर्सिलियाबाईंनी फोटो पाहण्याचा बहाणा केला. फोटोत कोर्रादो काळे हातमोजे घालून कॅमेऱ्याला सुरा दाखवत होते. किती हसरा चेहरा.

"त्या अंगठ्याला काय केलंस?"

"काल चारला खिळा ठोकताना हातोडी बसली. नख काळंनिळं झालंय. रात्री ब्लाउजचं बटणसुद्धा लावता येईना, मावशी."

म्हणजे ही नाही, बाई मनात म्हणाल्या. बटण न लावता येणाऱ्या हाताने तांदळाएवढी भोकं कोरता येत नाहीत.

बाहेर अंगणात चाहते उन्हात बसले होते. बहुतेकांचे कपडे काळे, गळ्यात पोपटाचे बिल्ले, हातात सँडविच. लाल केसांची एक फ्रेंच मुलगी आपल्या मित्राचा गळा दाबून फोटो काढून घेत होती आणि दोघंही खिदळत होते. बाई तिच्याशेजारी टेकल्या.

"मला एक सांग पोरी, तुम्हाला यात काय आवडतं? मी त्या सिनेमांत वीस वर्षं काढली, पण मला अजून उमगलेलं नाही."

मुलीने घास गिळला. "मी नर्स आहे, आजी. आठवडाभर खरं रक्त बघते. त्याला वास असतो. इथलं रक्त रंगाच्या डब्यासारखं लालभडक. घाबरायचं, किंचाळायचं, आणि दिवे लागले की मेलेली बाई मुलाखतीत हसताना दिसते. कुणालाच काही झालेलं नसतं! भीतीची सगळी मजा, आणि घरी न्यायला दुःख मात्र नाही."

"आणि एखादीला खरंच लागलं असेल तर?"

मुलगी हसायची थांबली. "मग ते बघणारे आम्ही कोण झालो?"

एर्सिलियाबाई उठल्या. त्यांना पक्कं माहीत होतं, की एखादीला खरंच लागलं होतं.

४

तिकिटांच्या खोलीत रेन्झो खुर्चीत बसून होता. वरून आल्यापासून तो तिथून हलला नव्हता. बाई दारात उभ्या राहिल्या.

"कुणाचं काम असेल रे?"

"एखाद्या संग्राहकाचं. पण चोरून मिळालं काय, बाई? काचेचं दार फुटतं, ती मरते, खुनी पकडला जातो. एवढंच तर आहे."

"आरसा," बाई म्हणाल्या.

"अं?"

"पटकथेत आरसा आहे. तुमच्या सगळ्या पुस्तकांतही आरसाच आहे. नायिका नोएमी आरशासमोर मरते, असं तूच तुझ्या पत्रकात छापलंस. चित्रीकरणाच्या दिवशी आरशात कॅमेरा दिसायला लागला, म्हणून तो काढून काचेचं दार लावलं. हे फक्त माझ्या वहीत आहे, आणि त्या रिळात."

रेन्झोने खुर्चीची गादी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"शिवाय तुझा फोन," बाई हळूच म्हणाल्या. "मघापासून आठवत नव्हतं. काल दुपारी जेवताना तो नोएमीच्या किंकाळीने वाजला. सिनेमाच्या संगीताच्या तबकडीवरची शेवटची किंकाळी. वेटरच्या हातातली सुपाची थाळी पडली आणि तू माफी मागत मागत हसत होतास. आज साधी घंटा वाजते. डबा उघडायच्या आधीच तू ती किंकाळी काढून टाकलीस. आणि ती भोकं, बाळा. इतकी रेखीव भोकं दात घडवणाऱ्यालाच जमतात."

रेन्झो खुर्चीवरून उठला आणि त्याने तिची गादी उचलली. खाली खोक्यात, जुन्या पांघरुणात गुंडाळलेलं रीळ होतं.

"काल मला धीर धरवला नाही," तो म्हणाला. "तीस वर्षं वाट पाहिली होती. सहा वाजता किल्ली घेऊन वर गेलो. दातांचं भिंग लावून एकेक चौकट बघत होतो. आवाज नाही, काही नाही. किंकाळी मला पाठच होती, चित्र पहिल्यांदा पाहत होतो. बाई, तिचे ओठ बघितले मी. ती किंचाळत नाहीये. 'बास्ता' म्हणतेय. बास करा. आणि खुन्याकडे बघत नाही ती, कॅमेऱ्याच्या मागे बघते. दंडावरचं ते रक्त... ते रंगाचं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

रेन्झोने मान खाली घातली. "दारावरची एक काच शाबूत होती. तिच्यात मागे उभी असलेली माणसं दिसतात. एक तरुण मुलगी आहे. हातात वही आहे. तुम्ही आहात, बाई. लिहिताय."

५

एर्सिलियाबाई जवळच्या स्टुलावर बसल्या.

"रोमहून साखरेची काच यायची होती," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "लागली तरी इजा न करणारी. ती आलीच नाही. कोर्रादो म्हणाले, दार लावा, होईल काहीतरी. मी वहीत लिहिलं, 'आरसा काढला, काचेचं दार'. कोणती काच ते विचारलं नाही. एवढी चौकस मी, आणि तेवढंच विचारलं नाही. नोएमीचा दंड कोपरापर्यंत फाटला. कोर्रादोंनी कॅमेरा थांबवू दिला नाही. ती मला दिसत होती रे. आणि मी लिहीत होते. चौथा टेक, ओके."

"नंतर?"

"हॉटेलच्या न्हाणीत घसरली, असं सगळ्यांना सांगितलं. सेन्सॉरने रीळ काप म्हटल्यावर कोर्रादोंचा जीव भांड्यात पडला असेल. नोएमीने आणखी दोन सिनेमे केले, लांब बाह्या घालून, आणि कुनेओला जाऊन लोकरीचं दुकान काढलं."

"मी ते जाळणार होतो," रेन्झो म्हणाला. "काडी पेटवली, पण हात होईना. दाखवताही येईना, जाळताही येईना. म्हणून बसून राहिलो त्याच्यावर. कोंबडीसारखा."

"ते जाळायचं की दाखवायचं, हे तू ठरवायचं नाहीस, आणि मीही नाही." बाईंनी घड्याळ पाहिलं. "दोनच्या गाडीने नोएमी येतेय सोहळ्याला. चल, मला पोर्ता नुओवा स्टेशनवर सोड."

नोएमी बेल्त्रामे गाडीतून उतरली ती राखाडी कोट आणि हाताने विणलेला निळा स्वेटर घालून. पन्नास वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या. एर्सिलियाबाईंनी स्टेशनपर्यंतच्या वाटेत मनातल्या मनात चार वाक्यं जुळवली होती; पण फलाटावरच त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"नोएमी, मी त्या दिवशी ओके लिहिलं गं."

नोएमीने त्यांच्याकडे पाहिलं. आजूबाजूने बॅगा ओढणारी माणसं जात होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "टॉवेल गुंडाळून मला नेत होते तेव्हा तुझी वही दिसली. तुझ्यावर मी कोर्रादोपेक्षा जास्त चिडले होते. त्याला मी जनावरच समजत होते. तू मैत्रीण होतीस."

"माफी मागायला फार उशीर केला मी."

"केलास खरा." नोएमीने बॅग त्यांच्या हातात दिली. "ही धर. जड आहे. आणि मला ते रीळ आधी बघू दे."

६

रिकाम्या थिएटरात दोघी बसल्या. सेकोन्दोने आवाज बंद ठेवला होता. नोएमीने मध्येच हात पुढे केला आणि एर्सिलियाबाईंनी तो धरला. दोघींपैकी कुणीही पडद्यावरून नजर काढली नाही. शेवटी पडदा पांढरा झाला.

"किती देखणी होते गं मी," नोएमी म्हणाली. "बावीस वर्षांची पोर. तिला कुणीतरी जाऊन उचलायला हवं होतं."

मागे फियाम्मा उभी होती. ती कधी आली, कुणालाच कळलं नव्हतं. तिने सगळं पाहिलं होतं. ती पुढे येऊन काही बोलणार, तोच नोएमीने तिला हाताने थांबवलं.

"तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. तू माफी मागायची नाहीस. बस इथे."

मग नोएमीने आपला निर्णय सांगितला. रीळ जाळायचं नाही. जे झालं ते झालं, ते खोटं करता येणार नाही. पण ती जिवंत असेपर्यंत ते कुणाला दाखवायचंही नाही. ते सिनेमाच्या संग्रहालयात द्यायचं, आणि डब्यात एर्सिलियाच्या हातची चिठ्ठी ठेवायची. त्या दिवशी खरोखर काय घडलं याची, कोणती काच होती त्याच्यासकट. "नीट लिही या वेळी," ती म्हणाली.

सहा वाजता थिएटर खच्चून भरलं. चार रिळं झाली. लोक ओरडले, हसले, टाळ्या वाजवल्या, एकमेकांना बिलगले. चौथं रीळ संपताच दिवे लागले. कुजबुज झाली. रेन्झो पडद्यासमोर आला आणि चाचरत म्हणाला, की शेवट आज दाखवणार नाही. शेवट सांगतील ज्यांनी तो केला, त्या.

नोएमी खुर्चीवर बसली. तिने स्वेटरची बाही कोपराच्या वर सरकवली. दंडावरून वाळक्या ओढ्यासारखी एक लांब रेघ गेली होती. मग तिने सांगायला सुरुवात केली. पटकथेत काय होतं, काचेचं दार कुठे होतं, किती थंडी होती, ती कुणाला हाका मारत होती. आवाज चढवला नाही, रडली नाही. तबकडीवरची किंकाळी पाठ असलेले दोनशे लोक एवढे गप्प झाले, की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत होता.

"आता तुम्ही ते बघू नका, अशी माझी विनंती आहे," ती शेवटी म्हणाली. "बाकीचे खून खुशाल बघा. ते फार चांगले खोटे होते. आम्ही मेल्यावर एकत्र जेवायला जायचो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय करावं ते कुणाला कळेना. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली लाल केसांची नर्स अर्धवट उभी राहिली.

"माफ करा, मला माहीत आहे, ही वेळ नाही... पण बाई, खुनी कोण होता?"

नोएमी खळखळून हसली, आणि सगळ्या थिएटरला श्वास फुटला.

"अगं बाई! ते राहिलंच की! मघाशी स्वतःलाच बघत बसले." ती पहिल्या रांगेकडे वळली. "एर्सिलिया, कोण होता गं?"

एर्सिलियाबाई उभ्या राहिल्या. दोनशे तोंडं त्यांच्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"पियानो शिकवणारी म्हातारी," त्या म्हणाल्या.

एकच गदारोळ उडाला.

"शक्यच नाही! दुसऱ्या खुनाच्या वेळी ती ट्राममध्ये होती!" अथेन्सचा एक दाढीवाला बाकावर चढला.

"आणि ती तर चाकाच्या खुर्चीत आहे!"

"उंची जुळत नाही, बाई! खुन्याची सावली सहा फूट आहे!"

"मी तेव्हाच वहीत लिहिलं होतं," एर्सिलियाबाई ओरडून म्हणाल्या, "की हे जुळत नाही. कोर्रादो म्हणाले, लोक घाबरलेले असतात, मोजत बसत नाहीत!"

"आम्ही मोजतो!" थिएटर एका आवाजात ओरडलं. रेन्झोने फळा मागवला, सेकोन्दो ट्रामचं वेळापत्रक सांगू लागला, आणि नोएमी बाही तशीच वर ठेवून त्या भांडणात मधोमध जाऊन बसली.